टर्बो गाडीचा इन्टेक मॅनिफोल्ड आणि चौथ्या सिलिंडरची भानगड

बूस्ट, म्हणजे टर्बोच्या पंख्याने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, किती ठेवलायस, हा प्रश्न टर्बो गाडीवाल्याला कुणी ना कुणी विचारतोच, आणि उत्तर पण तोंडावर तयार असतं, एक बार, सव्वा बार, कुणी छाती फुगवून दीड. ती हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या इन्टेक मॅनिफोल्डबद्दल कुणी विचारत नाही. विचारलंच तर "मोठा टाकलाय" एवढंच उत्तर. मोठा म्हणजे काय मोठा, प्लेनम (हवेचा डबा) मोठा की रनर (डब्यातून सिलिंडरकडे जाणारे पाइप) मोठे की थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मोठा, हे धड सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून म्हटलं आपणच लिहू, गेले काही महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीये आणि घरच्यांनी तर ऐकायचं कधीच बंद केलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टर्बो इंजिनात एकूण हवा किती येणार ते टर्बो बघून घेतो. ती चार सिलिंडरांत सारखी वाटायचं काम मॅनिफोल्डचं, आणि तिथे त्याला मदत करणारं कोणी नाही. वाटणी चुकली तर चारही पिस्टन मिळून थोडे थोडे जळत नाहीत, एकच जळतो, आणि तोपर्यंत बूस्ट गेज आपला मस्त एक बार दाखवत असतो.

गाडी कुठली ते सांगतो, नाहीतर सगळं हवेत वाटेल. मित्राची जुनी फियाट लिनिया टी-जेट. १३६८ सीसीचं चार सिलिंडर, कंपनीतून ११४ पीएस आणि २०७ एनएम. आपल्याकडे त्या काळात एवढ्या पैशात असं इंजिन दुसरं कोण देत होतं सांगा, आणि लोकांनी काय केलं तर मायलेज विचारलं. असो. हीच मोटर जास्त बूस्टवर अबार्थ पुंटोमध्ये १४५ पीएस देत होती, म्हणजे आतला माल चांगला आहे हे उघडच आहे. मित्राने गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवलीय, कोइम्बतूरला ट्रेलरवर जाते. हे मुद्दाम सांगतोय कारण गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्यावर अजून कडक बोलून ठेवलंय, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला असले उद्योग करायचे असतील तर मला विचारू नका.

तर या गाडीला त्याने बाहेरून एक तयार ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड मागवला. कुणाकडून ते सोडा. दिसायला काय सांगू, आरशासारखा पॉलिश, वेल्डिंगचे मणी एकसारखे, हातात घेतला की लगेच खिशातून पैसे काढावेसे वाटतील असा. लांब चौकोनी डबा, एका टोकाला थ्रॉटल, खालून चार सरळ पाइप. लावला, पुण्याला डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) नेली, पॉवर वाढली थोडी, सगळे खूश. मग लॉग बघितला तर वरच्या आरपीएमला चौथ्या सिलिंडरवर नॉक (पेट्रोल अवेळी भडकून ठोकणं), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे खेचतोय, बाकीचे तीन एकदम शांत. (नॉक सेन्सर एकच असला तरी क्रँक कुठल्या अँगलला आहे त्यावरून ईसीयूला कळतं कोण ठोकतोय ते.) प्लग काढले तर चौथ्याचं पोर्सलिन पांढरंफटक (पेट्रोल कमी पडल्याची खूण) आणि पहिल्याचं कॉफीच्या रंगाचं. वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) मात्र सांगत होता ११.८, सगळं उत्तम. का सांगणार नाही, तो बसलाय चारही पाइप एकत्र झाल्यावर पुढे, त्याला चौघांची मिसळ मिळते. एक १२.३ वर आणि एक ११.३ वर असला तरी तो ११.८ च म्हणणार.

इथे बरेच जण म्हणतात इंजेक्टर खराब. म्हणून पहिलं काम काय तर एक आणि चार नंबरचे इंजेक्टर अदलाबदल. पांढरेपणा इंजेक्टरबरोबर पहिल्यात गेला तर दोष इंजेक्टरचा, चौथ्यातच राहिला तर हवेचा. चौथ्यातच राहिला. मग एक्झॉस्टच्या चारही पाइपांना भोकं पाडून ईजीटीचे (एक्झॉस्टचं तापमान मोजणारे) प्रोब लावले, चौथा पहिल्यापेक्षा पन्नासेक डिग्री गरम. ईजीटीच्या आकड्यावर एकट्यावर जाऊ नका, प्रोब किती आत गेलाय त्यावर पण फरक पडतो, पण प्लग, नॉक आणि ईजीटी तिघे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मग वाद संपला.

आता हे होतं का, त्यासाठी थोडी आकडेमोड, कंटाळा येणार असेल तर पुढचा पॅरा सोडा, पण खरी मजा इथेच आहे.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. १३६८ सीसी, ६००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला साधारण ४१०० लिटर, सेकंदाला ६८ लिटर. बूस्ट असो नसो, लिटर तेवढेच, फक्त बूस्टमध्ये त्या प्रत्येक लिटरचं वजन जास्त. ही गोष्ट डोक्यात बसली की निम्मे गैरसमज जातात. थ्रॉटल ६० मिमीचा धरला तर त्यातून हवा सरासरी सेकंदाला २४ मीटरने जाते, म्हणजे ताशी ८५-९० किलोमीटर, आपण गोव्यात बांबोळीच्या उतारावर जेवढे सुटतो तेवढीच. त्या वेगाला थ्रॉटलमध्ये प्रेशर फार काही पडत नाही. म्हणून टर्बो गाडीला ७० नि ७५ मिमीचा थ्रॉटल लावून जे मिरवतात त्यांना मी काही बोलत नाही, पण पैसे वाचवा रे. आता रनर बघा. एका सिलिंडरला एका वेळी ३४२ सीसी घ्यायचे आणि वॉल्व्ह उघडा असतो साधारण २४० अंश, म्हणजे ६००० ला पावणेसात मिलिसेकंद. ३४ मिमीच्या पाइपातून तेवढ्या वेळात तेवढी हवा ओढायची तर सरासरी वेग ५५ मीटरच्या वर जातो आणि मधला शिखराचा वेग त्याहून बराच जास्त. थ्रॉटलच्या दुप्पट वेग, आणि हवेचा हिशोब वेगाच्या वर्गाने चालतो, म्हणजे इथे केलेली चूक चौपट महाग.

आणि चूक नेमकी कुठे होती तर रनरच्या तोंडाला. त्या सुंदर डब्यात चार पाइप खालून घुसवून आतमध्ये बोटभर वर ठेवून बाहेरून वेल्ड मारलेला. फॅब्रिकेटरला ते सोपं पडतं, पाइप हलत नाही, वेल्ड छान बसतो. पण हवेच्या बाजूने बघितलं तर पाइपाचं तोंड असं आत घुसलेलं असणं म्हणजे सगळ्यात वाईट. फ्लुइड मेकॅनिक्सच्या कुठल्याही पुस्तकात तक्ता असतो, भिंतीतून आत घुसलेल्या पाइपाचा लॉस कोइफिशियंट (दाब किती वाया जातो त्याचा आकडा) ०.८ ते १, भिंतीशी सपाट पण धारदार कडेचा ०.५, आणि कडा गोल केली तर ०.०५ च्या आसपास. पंधरा-वीस पटीचा फरक, आणि तोही नुसत्या कडेसाठी! आमच्या वेगाला आणि एक बार बूस्टला हे गणित केलं तर सरासरी अडीच किलोपास्कलचा तोटा निघतो, म्हणजे दोनशेतला सव्वा टक्का, शिखराच्या वेगाला अजून दुप्पट. तुम्ही म्हणाल एवढंच? हो, चौघांना सारखा असता तर एवढंच, बूस्ट चिमूटभर वाढवला की भरून निघाला असता. पण तो सारखा नसतो. थ्रॉटलजवळच्या पहिल्या पाइपाच्या तोंडावरून हवा आडवी धावत असते, तिला काटकोनात वळून धारदार कडेवरून खाली उतरायचंय, ती कडेपाशी सुटते, पाइपाचं निम्मं तोंड भोवऱ्यात जातं. शेवटच्या चौथ्यापाशी पोचेपर्यंत तीच हवा समोरच्या भिंतीवर आपटून थांबलेली असते, वेग गेला की त्याचं प्रेशर होतं, आणि ती निवांत खाली उतरते. म्हणजे चौथ्याला जास्त हवा, इंजेक्टर मात्र सगळ्यांना मोजून तेवढंच पेट्रोल देणार, म्हणून चौथा लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लोकांना वाटतं लांबच्याला कमी मिळत असेल, टोकाच्या नळाला पाणी कमी येतं तसं. टोकाला थ्रॉटल असलेल्या सरळ डब्यात जोरात दम लावला की बऱ्याचदा उलटं होतं.

त्यात फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. तीनने हवा मागच्या टोकाकडे ओढली, लगेच चारची पाळी, त्याच दिशेला धावत असलेली हवा त्याला आयती मिळते. मग दोनची पाळी, त्याला मागे गेलेली हवा परत फिरवून आणायची. स्टेडी फ्लोचं सिम्युलेशन करून रंगीत चित्रं दाखवणारे खूप आहेत, चारही रनर एकाच वेळी उघडे धरून, पण इंजिनात असं कधीच होत नाही, तिथे एका वेळी एक, फार तर थोडा वेळ दोन.

हा प्रश्न काही आमच्या एका डब्याचा नाही. निसानचं आरबी २६, १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमधलं, सहा सिलिंडर, प्रत्येकाला स्वतःची थ्रॉटल, म्हणजे कंपनीने काही कमी केलं नव्हतं, तरी ट्यूनिंगवाल्यांत त्याच्या सहाव्या सिलिंडरची बोलणी वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि मोठी पॉवर काढायची झाली की पहिला प्लेनम बदलतात.

टोयोटाची १९९५ ची गोष्ट बऱ्याच जणांना फक्त चोरी म्हणून माहीत आहे. वर्ल्ड रॅलीत त्या वर्षी टर्बोच्या तोंडावर ३४ मिमीचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा होता, सगळी हवा त्यातूनच. त्या भोकात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की पुढे कितीही ओढा, जास्त येत नाही. हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम २२० ग्रॅम हवा, म्हणजे साधारण ३०० हॉर्सपॉवरचा कोटा, संपला विषय. टोयोटाने सेलिकामध्ये असा क्लॅम्प बनवला की होज घट्ट आवळली की रिस्ट्रिक्टर आतल्या आत सरकून बाजूने पण हवा जाणार, आणि सोडून तपासायला घेतला की सगळं जागच्या जागी. स्पेनमधल्या कातालुनियाच्या रॅलीत सापडले, वर्षाची बंदी. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर सलाम करावासा वाटतो, काय करणार. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त आवडते. बाकीच्या टीमना एकूण हवा वाढवणं शक्यच नव्हतं, म्हणून मग सगळं डोकं खालच्या आरपीएमचा टॉर्क आणि असलेली हवा नीट वापरणं यावर लागलं. आमच्या गाडीत एकेका सिलिंडरला ३४ मिमीचा पाइप आहे आणि त्या लोकांची अख्खी रॅलीची गाडी तेवढ्याच भोकातून श्वास घेत होती, हे एकदा लक्षात आलं ना, मग "पाइप मोठा करूया" हे वाक्य तोंडातून पटकन निघत नाही.

आता दुरुस्ती. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीकडे आमचे एक मेस्त (मिस्त्री) आहेत, आयुष्यभर बार्जवर पायपिंग आणि नंतर बोटींचं आर्गन वेल्डिंग केलेले. डबा त्यांच्यासमोर ठेवला, वरचं झाकण ग्राइंडरने उघडलं, त्यांनी आत टॉर्च मारली आणि पहिला प्रश्न, "हो पायप भितर कित्याक दवरला रे?" (हा पाइप आत का ठेवलाय रे?) मी तक्ता, कोइफिशियंट वगैरे सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले बार्जच्या बिल्ज पंपाच्या सक्शनला सुद्धा आम्ही बेलमाउथ (गोल कडेचं पसरट तोंड) लावतो, आणि तुमच्या एवढ्या महाग गाडीला नाही? गप्प बसलो. पंपाचं सक्शन आणि रनरचं तोंड, काम एकच.

चार रिंगा लेथवर करून घेतल्या, आतली कडा ६ मिमी त्रिज्येची. लोकांना वाटतं बेलमाउथ म्हणजे कर्ण्यासारखा मोठा भोंगा पाहिजे. तसं काही नाही, व्यासाच्या पंधरा टक्के त्रिज्या झाली की बहुतेक फायदा पदरात पडतो, ३४ ला ५ मिमी. त्यावरचं सगळं फोटोसाठी. त्यापेक्षा समोरच्या भिंतीपासून अंतर ठेवा, तोंडाच्या व्यासाइतकी मोकळी जागा मिळाली तर उत्तम, निम्मी तरी हवीच. मग डब्याला आतून तिरकी भिंत घातली, थ्रॉटलकडे रुंद आणि चारकडे अरुंद होत जाणारी, म्हणजे वाटेत हवा कमी होत जाते तशी जागाही कमी होते आणि वेग सगळीकडे साधारण सारखा राहतो.

वेल्डिंगच्या काडीवरून आमचं थोडं वाजलं. मेस्तांना सवय ५३५६ ची, बोटीच्या ॲल्युमिनियमला तीच लागते. पण त्यात मॅग्नेशियम जास्त, आणि सतत ६५ डिग्रीच्या वर राहणाऱ्या भागाला ती चालत नाही, काही काळाने स्ट्रेस करोजनने तडा जाऊ शकतो, वर आमच्याकडे खारा वारा फुकट आहेच. इंजिन बेमधला मॅनिफोल्ड ६५ च्या खाली कुठला राहतोय. म्हणून ४०४३. त्यांनी मान हलवली, पण शेवटपर्यंत कुरकुरत होते. फ्लॅंज (मॅनिफोल्ड इंजिनाला जिथे बसतो ती पट्टी) वेल्ड करताना भंगारातल्या एका हेडवर बोल्टने आवळून ठेवली, तरी सोडल्यावर केळीसारखी थोडी वाकलीच, मग मिलिंगवर फेस मारून घेतली, सरळपट्टी आणि फिलर गेज लावून बघितली. आतून वेल्डचा एक एक दाणा खरवडून काढला. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कुणावर सोपवू नका, तो दाणा सुटला की मध्ये फिल्टर नाही, थेट सिलिंडरात.

प्लेनम मोठा केला की लॅग (पेडल दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर) वाढतो हे पण एक ऐकायला मिळतं. आमचा प्लेनम दीड लिटर. तो एक बारने भरायला बाहेरची जादा हवा दीड लिटर, आणि तीन हजार आरपीएमलाच इंजिन सेकंदाला ३४ लिटर गिळतंय. म्हणजे मिलिसेकंदांचा खेळ. लॅग म्हणजे मुख्यतः टर्बाइनचं चाक फिरायला लागणारा वेळ. फार मोठ्या प्लेनमचा त्रास होतो तो आयडलला, थ्रॉटलच्या पुढे हवेचा साठा जास्त म्हणून आयडल डुलायला लागतं आणि एसी लावला की इंजिन दचकतं.

रनरच्या लांबीचं शास्त्र मात्र टर्बोच्या लोकांनी उगाच सोडून दिलंय. वॉल्व्ह उघडून पिस्टन खाली गेला की रनरमध्ये एक लाट उठते, प्लेनमपर्यंत जाते, परत येते, आणि वॉल्व्ह बंद व्हायच्या आत बरोबर वेळेवर पोचली तर थोडी जादा हवा आत ढकलून देते. क्रायस्लरने १९६० च्या ३०० एफ मध्ये ३० इंच लांब पाइप दिले होते, ७६ सेंटिमीटर, इंजिनच्या या बाजूचे पाइप त्या बाजूला गेलेले, २८०० आरपीएमच्या आसपास टॉर्क मिळावा म्हणून. त्यांचं गणित सोपं आहे, सेंटिमीटरमधली लांबी गुणिले आरपीएम म्हणजे साधारण २,१३,०००. हेडमधला पोर्ट धरून ३५ सेंमी असेल तर ६१०० ला, ४० असेल तर ५३०० ला. कॅम (वॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवणारा दांडा) बदलला की हे हलतं, पण सुरुवात करायला पुरे. गंमत अशी की आवाजाचा वेग प्रेशरवर अवलंबून नाही, तापमानावर आहे, म्हणजे बूस्ट एक बार असो की दोन, लाट त्याच वेळेला येणार, फक्त हवा गरम झाली की थोडी लवकर. आमचा छोटा टर्बो सहा हजाराला धापा टाकतो, त्याला सात हजारासाठी ट्यून केलेले आखूड रनर देऊन काय उपयोग? तयार मॅनिफोल्डवाले तेच देतात, कारण आखूड पाइप बॉनेटखाली कुठेही बसतो.

गोव्याच्या हवेचं पण सांगायला हवं. ३२ डिग्री आणि ८० टक्के दमटपणा हा आपला नेहमीचाच, त्यात हवेच्या दाबातला पावणेचार टक्के वाटा नुसत्या वाफेचा असतो, आणि वाफ जळायला मदत करत नाही. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वाफेलाही हवाच समजतो. वर ३२ डिग्रीची हवा टर्बोने दुप्पट दाबली, कॉम्प्रेसर ७० टक्के एफिशियन्सीचा धरला, तर ती बाहेर येते १२७ डिग्रीला. बरा इंटरकूलर असेल तर ६० पर्यंत उतरते. डोंबिवली-पुण्याची पोरं थंडीत केलेले आकडे टाकतात आणि आपली पोरं मे महिन्यात ईसीयूत तेच सेटिंग मारतात, मग होतं ते होतं. आणि डिचोली, साखळी, उसगावकडे राहात असाल तर तांबडी धूळ. फिल्टर तुंबून टर्बोच्या तोंडाशी पाच किलोपास्कल कमी झाले तरी वेस्टगेट (बूस्ट आवरणारी टर्बोची झडप) बूस्ट सांभाळून घेतो, गेज हलत नाही, पण टर्बोला २ ऐवजी २.१ पट दाबावं लागतं, हवा अजून गरम. गेज पुन्हा एकदा काहीच सांगत नाही. आणि ते बंपरच्या खाली लावलेले कोल्ड एअर इन्टेक जूनच्या आधी काढून ठेवा प्लीज, पाटो पुलापाशी पाणी साचतं त्यातून गेलात की पाणी थेट सिलिंडरात, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ज्यांच्याकडे पोलो, टायगुन, कुशाकची १.० टीएसआय आहे त्यांनी मॅनिफोल्डला हातच लावू नये असं माझं मत आहे. त्यात पाण्याने थंड होणारा इंटरकूलर मॅनिफोल्डच्या आतच बसवलाय, टर्बोपासून वॉल्व्हपर्यंतचा रस्ता एकदम छोटा. आणि तीन सिलिंडर, दर २४० अंशाला एकाची पाळी, एकाचं पोट भरेपर्यंत दुसरा हात मारत नाही, त्यामुळे वाटणीची भांडणं मुळातच कमी. तिथे पैसे घालवायचे तर कूलंटच्या रेडिएटरवर घालवा.

आमच्या गाडीचं काय झालं? तोच बूस्ट, तोच टर्बो. चार आणि एकमधला ईजीटीचा फरक पन्नासवरून पंधराच्या आत आला, चौथ्यावरचा नॉक गेला, आणि त्या भरवशावर चारही सिलिंडरांना दोन अंश टायमिंग पुढे देता आलं. पीक पॉवर थोडीच वाढली, साडेतीन ते पाच हजारमध्ये टॉर्क मात्र जाणवण्याइतका भरला. दोन नंबर अजून किंचित रिच (पेट्रोल जास्त) आहे, बहुतेक त्याच परत फिरणाऱ्या हवेमुळे. तिरकी भिंत अजून दोन-तीन मिलिमीटर हलवून बघायची माझी इच्छा होती, पण मेस्त म्हणाले आता झाकण परत उघडायचं नाही, तेव्हा ईसीयूत दोन नंबरचं पेट्रोल दोन टक्के कमी केलंय आणि गाडी ट्रेलरवर चढवलीय. प्रोब काढलेले नाहीत. ट्रॅकवरचे लॉग आले की चारही सिलिंडरांचे आकडे इथेच टाकीन, आणि कुणाकडे सेंटर-फीड (मधोमध थ्रॉटल असलेल्या) प्लेनमचे असे वेगवेगळे ईजीटी असतील तर मला बघायचेत, नुसते डायनोचे कागद नकोत.